गाडीची वेळ, मालिकेची वेळ

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या पट्ट्यातले घर दोन वेळापत्रकांवर चालते. एक मध्य रेल्वेचे आणि दुसरे टीव्हीचे. घरातली वडीलधारी माणसे, मुलांच्या शाळा, पाणी सोडण्याची वेळ, कामाच्या मावशी आणि गौरी-गणपती या सगळ्यांनी या दोहोंमधल्या फटीत आपापली सोय लावून घ्यायची असते. दोन्ही वेळापत्रके घराला न विचारता ठरतात, दोन्हींत ऐनवेळी बदल होतात आणि दोन्हींविषयी तक्रार करणे हा इथल्या माणसाच्या आयुष्यातला बऱ्यापैकी आनंदाचा भाग असतो.

दोहोंत रेल्वे थोरली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला येऊन थांबली. चौदा डबे, चारशेच्या आसपास निमंत्रित, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान नावाची तीन इंजिने आणि निघताना एकवीस तोफांची सलामी. चौदा डब्यांत चारशे माणसे म्हणजे डब्यामागे तीसही नाहीत. आजच्या ठाणेकराला हे सांगितले तर तोफा आणि इंजिने त्याच्या कानावरून जातात. तो एवढेच विचारतो, "सगळे बसून आले?" पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि पुढे कल्याणला एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे गेला. तिथून येणाऱ्या गाड्या डोंबिवलीला भरलेल्या येतात, ही डोंबिवलीची जुनी तक्रार. डोंबिवलीहून येणाऱ्या गाड्या ठाण्याला भरलेल्या येतात, ही ठाण्याची. मुलुंडच्या तक्रारीचा विचार करण्याइतके मन या पट्ट्यात कोणी मोठे करत नाही.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे ३४, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४ किलोमीटरवर आहे. मात्र अंतर किलोमीटरमध्ये सांगणारा माणूस नवखा समजावा. स्थानिक उत्तर "फास्टने तासाभरात, स्लोने विचारू नका" असे असते. गाडीला इथे नाव नसते, मिनिट असते. सात-एकावन्न, आठ-अठरा, आठ-तेहेतीस. माणसेही त्यावरूनच ओळखली जातात. "कुठले कुलकर्णी?" या प्रश्नाला "आपले आठ-अठराचे" हे पुरेसे उत्तर असते. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी मुलगा बँकेत आहे असे सांगितले, की मुलीच्या वडिलांचा पुढचा प्रश्न कोणती बँक हा नसतो, किती वाजताची गाडी हा असतो. सात-एकावन्नचा म्हणजे मुलगा पहाटे उठणारा, आणि नऊ-पाचचा म्हणजे जरा वरच्या हुद्द्यावरचा किंवा अगदीच बेफिकीर. दोन्ही शक्यतांची चौकशी करून घेतली जाते.

सकाळी सहाला टीव्ही लागतो तो बातम्यांसाठी. बातमी कोणी ऐकत नाही, कारण मिक्सर आणि कुकर यांच्या आवाजात ती ऐकू येत नाही. घरची मंडळी ये-जा करताना पडद्यावरच्या दोनच गोष्टी बघतात : कोपऱ्यातली वेळ आणि तळाशी धावणारी पट्टी. भिंतीवरचे घड्याळ वेळेसाठी कामाचे नसते. ते गाडी चुकू नये म्हणून सात मिनिटे पुढे लावलेले असते आणि सात मिनिटे पुढे आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे जो तो सात वजा करून निवांत चहा पीत असतो. पट्टीवर राज्यातले सरकार पडल्याचे आले तरी डब्यातली भाजी वेळेवर भरली जाते. पण त्याच पट्टीवर "मध्य रेल्वेची वाहतूक" एवढे तीन शब्द उमटले, की तव्यावरची पोळी करपते. उरलेले वाक्य उजव्या कडेने यायच्या आत घरात निर्णय झालेला असतो. रुळाला तडा असेल तर निघायचे, कारण तो तासाभरात सांधला जातो. ओव्हरहेड वायर तुटली असेल तर आणखी एक चहा. रुळांवर पाणी असेल तर साहेबांना फोन, आणि मग पट्टी दिसेल अशा बेताने टीव्हीचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर. कारणांना ऋतूही असतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंडीने रूळ आकसतात आणि तडा जातो, जून ते सप्टेंबर पाणी येते, सिग्नलला मात्र कोणताही महिना चालतो. हे ज्ञान इथल्या सातवीतल्या मुलालाही असते. भूगोलाच्या पेपरात ते विचारत नाहीत म्हणून गुण मिळत नाहीत इतकेच.

घरापासून स्टेशनपर्यंतचा प्रवास शेअर रिक्षाने होतो. रिक्षात मागे तीन माणसे बसतात आणि चौथा चालकाच्या शेजारी, अर्धा रिक्षात आणि अर्धा रस्त्यावर. हे नियमात बसत नाही, पण रिक्षात बसते. इथे मिळालेले शिक्षण पुढे डब्यात उपयोगी पडते. लोकलमधला बाक तीन जणांचा असतो आणि त्यावर चौघे बसतात, ही प्रथा कायद्याने आणलेली नाही आणि कायद्याने जाणारही नाही.

चौथ्या सीटचे शास्त्र थोडक्यात सांगता येत नाही. गाडी सुटल्यावर उभ्या असलेल्यांपैकी एकजण बाकाच्या टोकाशी येतो आणि "जरा सरकून घ्या" म्हणतो. यावर तिघेही हालचाल करतात. ही हालचाल कसलेल्या माणसांची असते : खांदे हलतात, मांडीवरची बॅग उचलून पुन्हा ठेवली जाते, चेहऱ्यावर त्याग दिसतो आणि बाकावर चार बोटांची जागा तयार होते. तेवढ्या जागेवर चौथा एक मांडी टेकवतो. दुसरा पाय पॅसेजमध्ये असतो आणि त्या पायावर त्याचे पाऊण वजन. खरे म्हणजे तो उभाच असतो, फक्त वाकून. त्याला डुलकी काढता येत नाही, पेपर उघडता येत नाही, पॅसेजमधल्या प्रत्येक बॅगेला गुडघ्याने वाट करून द्यावी लागते. तरी ऑफिसात गेल्यावर तो "आज बसून आलो" असेच सांगतो, आणि ऐकणाऱ्याला हेवा वाटतो. घाटकोपरला खिडकीतला उतरला, की बाकावर बढत्या होतात. प्रत्येकजण एक जागा आत सरकतो आणि चौथा तिसरा होतो. सरकारी खात्यात अशा बढतीसाठी बारा वर्षे लागतात, असे याच बाकावर बसलेले सरकारी कर्मचारी सांगतात.

बायकांच्या डब्यात हा कारभार अधिक रीतसर चालतो. तिथे चढल्याबरोबर "तुम्ही कुठे उतरणार?" असे विचारून सीट सांगून ठेवली जाते. एकदा सांगितलेली सीट मोडणे हे साखरपुडा मोडण्याइतके वाईट समजतात. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत पालेभाजी निवडली जाते, मटार सोलले जातात, आणि निवडून झालेल्या भाजीसोबत कालच्या मालिकेतल्या सासूचाही निकाल लागतो. पुरुषांच्या डब्यात एका कोपऱ्यात भजन आणि दुसऱ्या कोपऱ्यात पत्ते चालतात. राजकारणावरची चर्चा उभ्याने होते, कारण बसलेल्या माणसाला तेवढा राग येत नाही.

जागा मिळवण्यासाठी उलटा प्रवास करावा लागतो, ही या पट्ट्याची खास देणगी. मुंबईला जायचे म्हणून ठाकुर्लीचा माणूस आधी कल्याणला जातो आणि मुंब्र्याचा डोंबिवलीला. तिथे पोचलेल्या गाडीत बसून राहायचे आणि तीच गाडी परत मुंबईकडे निघाली, की आपल्याच स्टेशनातून खिडकीतून बाहेर बघत जायचे. फलाटावर उभे असलेले शेजारी त्या वेळी ओळख दाखवत नाहीत.

फास्ट गाडीच्या प्रवासात पूर्वी एक विसावा होता. ठाणे आणि दिवा यांच्यामधल्या डोंगरात १९१६ मध्ये खुला झालेला पारसिकचा बोगदा आहे, सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा. लोकल आत शिरली, की दारातली पोरे आरोळी ठोकत आणि मोबाइलची रेंज जाई. मोबाइल आल्यापासून या बोगद्याचे घरगुती महत्त्व फार वाढले. "येताना अर्धा किलो रवा आणि दळण..." इथवर आले, की "बोगदा आला, आवाज कट होतोय" असे म्हणून फोन ठेवता येई. कित्येक दळणे या बोगद्यात राहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली, फास्ट लोकल मुंब्रा-कळव्याच्या अंगाने धावू लागल्या आणि बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला. या बदलाने वक्तशीरपणा किती सुधारला यावर दुमत आहे. पण फोन ठेवण्याचे एक सर्वमान्य कारण गेले, यावर नाही. काही घरांत मात्र ही बातमी अजून पोचलेली नाही, आणि पोचू नये अशी काळजी घेतली जाते.

दुसरे वेळापत्रक धाकटे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर या भागातल्या गच्च्यांवर अँटेना उगवू लागल्या, सगळ्या मुंबईकडे तोंड केलेल्या. मुंबईपासून जितके लांब, तितक्या पडद्यावर मुंग्या जास्त, असा हिशेब होता. म्हणून टीव्ही बघणे हे निदान तीन माणसांचे काम होते. एक गच्चीवर अँटेना फिरवणार, दुसरा खिडकीतून निरोप देणार आणि तिसरा टीव्हीसमोर बसून ओरडणार.

"आलं का?"

"आलं होतं. गेलं!"

"आता?"

"दोन-दोन दिसतायत!"

'गजरा' किंवा 'छायागीत' संपेपर्यंत गच्चीवरचा माणूस गच्चीवरच राहिल्याचे प्रसंग चाळीचाळीत सांगितले जात. त्या काळी टीव्ही मजल्यावर एखाद्याच घरी असे आणि बाकीचे मजलेकरी चपला दाराबाहेर काढून आत येत. पुढच्या आठवड्यात काय लागणार हे 'साप्ताहिकी'त सांगत, आणि वेळापत्रक ऐकण्यासाठी वेळ काढणे हे रेल्वेमुळे इथल्या लोकांना नवीन नव्हते. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी आधी चटया अंथरल्या जात. यजमानाला बरेचदा आपल्याच घरात चौथी सीट मिळे.

१९९९ मध्ये अल्फा मराठी आली, २००० मध्ये ई टीव्ही मराठी, २००८ मध्ये स्टार प्रवाह. मालिका रोज लागू लागल्या आणि संध्याकाळ अर्ध्या-अर्ध्या तासांत कापली गेली. गाडी मिनिटाला बांधलेली आणि मालिका अर्ध्या तासाला, त्यामुळे दोन्हींचा मेळ घालणे हा रोजचा प्रश्न झाला. ठाण्याला सात-दहाला उतरणारा माणूस साडेसातच्या मालिकेला घरी असतो. डोंबिवलीचा पोचतो तोवर मालिकेचा पहिला ब्रेक झालेला असतो. कल्याणच्या माणसाला "काय झालं?" असे चपला काढता काढता विचारावे लागते. मात्र त्याच वेळी घरातूनही "काय झालं, एवढा उशीर?" असा प्रश्न येतो आणि उत्तर कोणी कोणाला द्यायचे हे ठरेपर्यंत जाहिराती संपतात.

त्यात २००५ च्या सुमारास भारनियमन आले आणि वीज मंडळाने तिसरे वेळापत्रक हातात दिले. मुंबईत दिवे झगमगत असताना कल्याण-डोंबिवलीत ऐन संध्याकाळी अंधार व्हायचा. मालिकेतले रहस्य उलगडण्याच्या आणि वीज जाण्याच्या वेळा एक असत, असे जुने प्रेक्षक अजून ठामपणे सांगतात. अशा वेळी दादर-परळच्या मैत्रिणी कामी येत. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत त्या भाग सांगत आणि डोंबिवलीकडच्या बायका बदल्यात साबुदाण्याची खिचडी देत. हा व्यवहार दोन्ही बाजूंना परवडत होता.

मालिकेतले घर आणि मालिका बघणारे घर यांच्यातला फरक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावर चित्रीकरणाचे बंगले आणि स्टुडिओ बरेच आहेत, म्हणजे ही दोन घरे एकमेकांपासून फार लांब नाहीत. तरी मालिकेतल्या माणसाला गाडी पकडायची नसते. सकाळी अख्खे कुटुंब टेबलाभोवती बसून एकमेकांकडे आळीपाळीने बघते, त्याला दोन मिनिटे लागतात, आणि डोंबिवलीत बसून बघणारीचा जीव खालीवर होतो, की आता याला साडेआठची तरी मिळणार का. नायक स्वतःच कंपनीचा मालक असल्यामुळे त्याला लेट मार्क लागत नाही, हे तिच्या नंतर लक्षात येते. खरी अडचण बांधकामाची आहे. मराठी मालिकेचे कथानक चोरून ऐकण्यावर चालते. जिन्याखाली, पडद्याआड, अर्धवट उघड्या दारामागे कोणीतरी काहीतरी ऐकते आणि चुकीचे समजून घेते. वन-बीएचकेत हे शक्य नाही. तिथे सगळ्यांना सगळेच ऐकू येते, शेजाऱ्यांनाही, आणि ऐकू न आल्याचे नाटक करणे एवढीच काय ती कला उरते. 'चार दिवस सासूचे' ही मालिका अकरा वर्षांच्या आसपास चालली आणि तीन हजारांहून अधिक भागांची झाली. डोंबिवली पूर्वेतल्या एखाद्या वन-बीएचकेत ती घडती, तर पहिल्याच गुरुवारी सगळे कळून, भांडून, रात्री पिठले-भात खाऊन मिटली असती.

याला एक सन्माननीय अपवाद होता. २००४ मध्ये सुरू झालेला 'होम मिनिस्टर' हा कार्यक्रम घेऊन आदेश बांदेकर खरोखरच्या घरांत जात. तिथे सोफा भिंतीला लावून जागा केलेली असे, दारात सोसायटी गोळा झालेली असे आणि आतल्या खोलीत ढकललेल्या सामानाचे एखादे टोक पडद्यावर दिसून जाई. टीव्हीवर आपल्याएवढा हॉल दिसतो, याचे इथल्या प्रेक्षकाला जेवढे समाधान झाले तेवढे कार्यक्रमात पैठणी जिंकणारीलाही झाले नसेल.

रिमोटचा ताबा संध्याकाळी सात ते दहा घरातल्या ज्येष्ठ बाईकडे आणि दहानंतर बातम्यांसाठी ज्येष्ठ पुरुषाकडे, अशी साधारण वाटणी असते. आयपीएलच्या दोन महिन्यांत ती मोडते आणि घरातली शांतताही. याच तीन तासांत कोणाचा फोन आला तर "ठेवते हं, सुरू झालं" असे म्हणण्यात अपमान नाही. पाहुणे आले तर त्यांना मालिकेतल्या व्यक्तींची ओळख करून दिली जाते. पाहुण्यांची ओळख मालिकेला करून देण्याची सोय नसल्याने ते बिचारे ब्रेकपर्यंत थांबतात. भाताला किती शिट्ट्या यापेक्षा किती जाहिराती हे माप अधिक भरवशाचे ठरले आहे.

चालू घडामोडींचा मान दहानंतरचा. २००७-०८ मध्ये मराठी वृत्तवाहिन्यांची रांग लागली आणि पूर्वी दिवसातून ठरावीक वेळी येणारी बातमी ब्रेकिंग होऊन दिवसभर तीच तीच येऊ लागली. २३ नोव्हेंबर २०१९ हा शनिवार होता. सुट्टी म्हणून उशिरा उठलेल्या माणसांना टीव्ही लावल्यावर कळले, की आपण झोपेत असताना राज्यात मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री यांचा शपथविधी उरकलेला आहे. सकाळी सहाला टीव्ही लावण्याची सवय शनिवारीही मोडू नये, असा बोध अनेकांनी घेतला. जून २०२२ मध्ये तर नाट्य थेट ठाण्याचेच होते. एकनाथ शिंदे आमदारांसह आधी सुरतेत, मग गुवाहाटीत आणि ३० जूनला मुख्यमंत्री. ते दहा दिवस सांगली, नागपूर, नाशिकहून नातेवाइकांचे ठाण्यात सारखे फोन येत होते, "तुमच्याकडे काय चाललंय?" आणि शिंद्यांच्या राजकारणाचे केंद्र असलेल्या टेंभी नाक्यापासून चार पावलांवर राहणारा ठाणेकर सांगत होता, "थांबा, टीव्ही लावून सांगतो." त्याच्या उत्तरात काही चूक नव्हती. नेते गुवाहाटीत, कॅमेरे गुवाहाटीत आणि नाक्यावर फक्त रिक्षाची रांग.

डोंबिवली-कल्याणला टीव्हीवर येण्यासाठी मात्र काहीतरी मोडावे किंवा रंग बदलावा लागतो. कल्याणचा १९१४ सालचा पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला गेला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या काळात या पुलावर इतक्या बातम्या झाल्या, की कल्याणला न आलेल्या माणसालाही तिथल्या कोंडीचा अनुभव होता. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला एक रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाला. वाहिन्यांच्या गाड्या आल्या, पाठोपाठ मुख्यमंत्रीही पाहणीला आले. रस्ता गुलाबी कसा, हे बाहेरच्यांचे आश्चर्य होते. तो रस्ता पडद्यावर एवढा सपाट कसा दिसतो, हे डोंबिवलीकरांचे. चांगल्या कारणाने कॅमेरे येतात ते गुढीपाडव्याला. नववर्षाची शोभायात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिराने सुरू केली आणि ती पुढे ठाण्यासह सगळीकडे गेली. आता तिच्यात फेटे बांधलेल्या मुली बुलेटवर असतात आणि मालिकांतले कलाकारही येतात. फडके रोडवर उभ्या असलेल्या आजी त्यातल्या खलनायिकेला ओळखून "सुनेला नीट वागव गं" असे तोंडावर सांगून घेतात.

ही दोन्ही वेळापत्रके एकदा समोरासमोर आली. मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात करोनामुळे लोकल बंद झाल्या आणि २८ मार्चला दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. १६ एप्रिल २०२० रोजी ते ७.७ कोटी लोकांनी पाहिले, असे दूरदर्शनने जाहीर केले. तो ठाण्याला पहिली गाडी आल्याचा १६७ वा वाढदिवस होता, आणि ठाण्याच्या फलाटावर एकही प्रवासी नव्हता. घरात मात्र गर्दी होती. वर्षानुवर्षे सकाळी आठ ते रात्री आठ बाहेर असणारी माणसे दिवसभर घरात राहायला आली होती आणि त्यांना कुठे ठेवावे हे घराला कळत नव्हते. सव्वाआठ वाजले, की त्यांचे पाय आपोआप चपलांकडे जात. हॉलमधला सोफा तीन जणांचा आहे आणि त्यावर आई, बाबा आणि मुले यांच्या जागा ठरलेल्या आहेत, हे त्यांना तेव्हा कळले. अनुभवी माणसांनी तक्रार केली नाही. "जरा सरकून घ्या" म्हणाले आणि एक मांडी टेकवून 'रामायण' पाहिले. सामान्य प्रवाशांना लोकलची दारे वेळेच्या बंधनाशिवाय उघडली ती १५ ऑगस्ट २०२१ ला, लशीचे दोन डोस घेतलेल्यांसाठी. स्वातंत्र्यदिन निवडण्यामागचा सरकारी विचार काहीही असो, सोफ्याच्या टोकावर बसलेल्यांनी त्याचा अर्थ बरोबर घेतला.

रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो आणि वाहिन्यांचा महाएपिसोड. एक गाड्या कमी करतो, दुसरा मालिका वाढवतो, त्यामुळे बाहेर जाता येत नाही आणि घरात बसवत नाही. रविवारी भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना ब्लॉकचे कारण सांगून थोपवण्याची सोय आहे. ते आधीच येऊन बसले असतील, तर त्याच कारणाने ते जातही नाहीत, ही दुसरी बाजू.

लांबच्या प्रवासाचे फार सांगण्यासारखे नाही, कारण माणूस कुठेही गेला तरी तो लोकलनेच जातो. कोकणात जाणारे दिव्याहून सावंतवाडीची गाडी धरतात किंवा ठाण्याला एक्स्प्रेसमध्ये चढतात. तिकीट आरक्षित, डबा ठरलेला, सीटवर नंबर लिहिलेला, तरी गाडी फलाटाला लागताना डोंबिवलीकर धावत्या गाडीचा दांडा धरायला पुढे होतो आणि आत रुमाल टाकतो. समोरचा प्रवासी बिनआरक्षणाचा असला तर त्याला हळूच चौथी सीट देतो. परतीच्या प्रवासात पनवेल गेले, की तो बॅगा घेऊन दाराशी उभा राहतो. ठाणे यायला अवकाश असतो, पण आत बसून राहण्याचा त्याला धीर नसतो. हिमाचलातल्या हॉटेलात पोचल्यावर बाहेर बर्फ पडत असताना पहिला प्रश्न विचारला जातो तो गरम पाण्याचा आणि दुसरा "मराठी चॅनल लागतं का?" हा.

मोबाइलमुळे आता हे दोन्ही कारभार एका खिशात आले आहेत. जाहिराती वगळल्या तर अर्ध्या तासाचा भाग वीस-बावीस मिनिटांचा असतो. ठाण्याला बसायला मिळाले, तर दादरच्या आत तो आरामात बघून होतो. शिवाय पैसे भरणाऱ्यांना वाहिनीच्या ॲपवर तो टीव्हीच्या आधीच मिळतो. त्यामुळे नोकरी करणाऱ्या सुनेने आज रात्रीचा भाग सकाळच्या गाडीत, खिडकीशी, कानात इअरफोन घालून पाहिलेला असतो. रात्री साडेआठला सासूबाई तोच भाग टीव्हीवर बघतात. खलनायिकेने दुधात काय कालवले हे सुनेला अकरा-बारा तास आधीपासून ठाऊक असते. तरी सासूबाईंनी "अगंबाई! बघितलंस का?" म्हटले, की तिला हातातली कणीक तशीच ठेवून दाराशी येऊन दचकावे लागते. दिवसभराच्या प्रवासानंतर ते तिला नीट जमत नाही. सासूबाईंना संशय आहे, पण त्यांच्या फोनमध्येही तेच ॲप असल्यामुळे त्या फार खोलात जात नाहीत.